पहिला नियम आणि माझे पाय

३ डिसेंबर २००६

डॉक्टरीणबाईंनी रोज एक पान लिहायला सांगितलं आहे. तेही मोठ्या अक्षरात, पहिलीतल्या पोरासारखं. माझं अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं आणि मग त्याची मुंग्यांची रांग होते. हा कंपवाताचाच एक नखरा आहे म्हणे. काय लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, दिवसभरात जे झालं ते लिहा. रिटायर झाल्यापासून दिवसभरात काही होत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांपुढे माणसाने थोडं कामाचं दिसावं.

आज झालं ते असं. सकाळी बाथरूमच्या दारात अडकलो. आत जायची इच्छा होती, घाईही होती, पण पाय जागचे हलेनात. हिने मागून कमरेला धरून डावी-उजवीकडे झुलवलं तेव्हा सुटलो, आणि सुटलो तो थेट वॉशबेसिनवर जाऊन आदळलो. उभा असलो तर निघत नाही आणि निघालो तर थांबत नाही, अशी सध्या माझी अवस्था आहे.

गंमत म्हणजे मी आयुष्यभर इथल्या, चेन्नईजवळच्या आवडी गावच्या रणगाडा कारखान्यात ब्रेक तपासले. नातेवाईक म्हणायचे, शरदचंद्रला आवडीची नोकरी लागली, आणि मला दर वेळी हसावं लागायचं. चाळीस टनांचं धूड चाचणीच्या रस्त्यावर सोडायचं आणि ते किती अंतरात उभं राहतं ते मोजायचं, हे माझं काम. आता घरातलं पासष्ट किलोचं धूड उभं राहत नाही.

डॉक्टरीणबाईंना मी जडत्वाचा नियम ऐकवला. स्थिर वस्तू स्थिर राहते, चालती वस्तू चालत राहते, बाहेरून बळ लागेपर्यंत. म्हटलं, माझे पाय पहिला नियम तंतोतंत पाळतात. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सर, पायांचा काही दोष नाही, मेंदूतला हुकूम सोडणारा भाग थकला आहे. असेल. मला माझं स्पष्टीकरण जास्त पटतं.

स्वयंपाकघरातून हिने आत्ताच विचारलं, "अहो, लिहून झालं का?" म्हणजे हेही आता गोळ्यांच्या यादीत गेलं.

५ डिसेंबर

मधुवंतीचा सोलापूरहून फोन. दिवस भरत आलेत, जानेवारीच्या मध्यावर तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण या घरात आधीच एक तान्हं बाळ आहे आणि ते मी आहे. पोरगी समजूतदार, तिने इथे यायचा विषयच काढला नाही. फक्त म्हणाली, "बाबा, आई आली असती तर बरं झालं असतं. सासूबाई जमेल तेव्हा येतील, पण त्यांचं काही खरं नाही." मग घाईने म्हणाली, "पण राहू दे. जमेल माझं."

फोन ठेवल्यावर मी हिला सांगितलं, तू जा.

"तुम्हाला दाराबाहेर कोण काढील?" असं म्हणून ही कणीक मळत राहिली.

मला फार लागलं ते. अलकनंदाने माझ्या आईचं अंथरुणातलं सगळं केलं, चांगली सहा वर्षं. आई गेली आणि वर्षभरात माझा हात थरथरायला लागला. तिला मधे उसंतच मिळाली नाही. आता पोटच्या पोरीच्या पहिल्या बाळंतपणाला तिला माझ्यामुळे जाता येऊ नये, हे मला सहन होणार नाही. तेव्हा ठरवलं. तिच्यासमोर एकट्याने चालून दाखवायचं, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही.

८ डिसेंबर

संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले बालाजीराव आले. बँकेतून रिटायर झालेले, मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज राजांबरोबर खाली आले आणि तिकडचेच झाले. ते आणि त्यांची बायको हेमावती आमच्याशी मराठीच बोलतात, पण ते ऐकताना आपण कागदपत्रं वाचतोय असं वाटतं. आमचं मराठी त्यांना टीव्हीवरचं वाटतं. मधे अडलं की दोन्ही पक्ष तमिळ किंवा इंग्रजीवर येतात.

"सार, एक पुसतों," बालाजीराव म्हणाले. "अलकनंदाबाईंस हें बळ कोठून येतें? पहाटे पाहतों, उभ्या. सांजवेळीं पाहतों, उभ्याच. तुमच्या मातोश्रींचें केलें, आतां तुमचें करितात."

मला विषय मिळाला. मी म्हटलं, बालाजीराव, इथेच सगळे चुकतात. लोकांना वाटतं, चालती वस्तू चालत राहायला बळ लागतं. लागत नाही. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाणारी गाडी घ्या. इंजिन काय करतं? रस्ता आणि वारा तिला मागे ओढतात, त्यांच्याशी भांडतं, बस. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की हिशेब शून्य, आणि गाडी आपली जातेच आहे. रस्ताही नको, वाराही नको, तर इंजिनसुद्धा नको. बळ लागतं ते निघायला, वळायला आणि थांबायला. मी चाळीस टनांवर हे शिकलोय.

"म्हणजे अलकनंदाबाईंस बळ नाहींच?"

"लागतंय कशाला? चालू आहे ती चालू आहे."

"आणि त्यांस थांबवितो कोण?"

"कोणी नाही. म्हणून तर चालू आहे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. माणसं तीन आणि ट्रेमध्ये कप चार. चौथा आईचा, कान तुटलेला. "हात सवयीने गेला," असं म्हणून तिने तो परत नेला. मी बालाजीरावांना म्हटलं, बघा, हाच तो पहिला नियम. या वेळी ते हसले नाहीत. त्यांना विनोद थोडे उशिरा कळतात.

१२ डिसेंबर

आज चाचणी होती. तिचा निकाल लिहायची इच्छा नाही, पण पान भरायचं आहे.

बेत असा होता की बालाजीरावांना सोबत घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. हिला गॅलरीत उभं केलं होतं, तिला दिसावं म्हणून. फाटकातून सुटायला थोडा वेळ लागला, पण मग छान निघालो. अर्ध्या रस्त्यात मी बालाजीरावांना दंड सोडायला सांगितलं. कोपऱ्याकडे आमचा रस्ता किंचित उतरता आहे. पंचवीस वर्षं इथे राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पाय सुटले. पावलं बारीक आणि भराभर पडायला लागली, धड पुढे आणि पाय त्याला गाठायला मागून, असं पळणं. मी ओरडलो, "बस, बस."

आमच्याकडे गाडी मागे घेतानासुद्धा माणूस हेच ओरडतो. बालाजीरावांच्या मराठीत बसायला 'बैस' आणि पुरे झालं तर 'पुरें'. बस म्हणजे तिकीट काढून जायची बस, दुसरं काही नाही. त्यांनी पुढे पाहिलं, तर कोपऱ्यावर खरोखरच एक बस निघायच्या बेतात होती. माणूस फार परोपकारी. मला ती गाठायची आहे असं समजून ते मला सोडून पुढे धावले आणि दोन्ही हात वर करून बससमोर उभे राहिले. मी आपला आलोच मागून, थेट मागच्या दाराच्या पायरीवर. हनुवटी दांडीवर आपटली. कंडक्टरने काखेत हात घालून मला वर ओढलं, शिट्टी मारली आणि बस निघाली. बालाजीराव खालीच राहिले, समाधानाने हात हलवत.

आत एका बाईंनी उठून जागा दिली. ड्रायव्हरने पुढच्या स्टॉपला करकचून ब्रेक मारला तेव्हा उभे होते ते सगळे एकसाथ पुढे झुकले. बस थांबली तरी माणसं थांबत नाहीत, त्यांना दांडी लागते. एरवी हे मी कुणाला तरी समजावून सांगितलं असतं. आज रुमाल हनुवटीला धरून बसलो.

बालाजीराव रिक्षा करून मागून आले. वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत होते, "तुम्ही बस म्हणिटलेंत सार, मी बस थांबविलों."

फाटकाशी ही उभी होती. आत नेऊन जखम धुतली, पट्टी लावली, वरणभात लावला. जेवताना फक्त इतकंच म्हणाली, "मधूला मी सांगितलंय, जमणार नाही म्हणून."

१४ डिसेंबर

हनुवटी दुखते. कालचं पान लिहिलं नाही. आज लिहिण्यासारखं काही नाही.

१७ डिसेंबर

तमिळ मार्गळी महिना लागला. पहाटेपासून देवळाचा लाउडस्पीकर आणि दारोदार कोलम, म्हणजे इकडची रांगोळी. आमच्या मजल्यावर दोनच फ्लॅट, समोरासमोर, मधे लांब व्हरांडा. तिथे हेमावतीबाई रोज तांदळाच्या पिठाचं कोलम काढतात. एरवी लहानसं, मार्गळीत मात्र त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत.

सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं आणि नेहमीसारखा उंबऱ्यात अडकलो. ही भाजीला गेली होती. हाक मारून उपयोग नव्हता, तेव्हा उभा राहिलो आणि खाली बघत राहिलो. आज फुलंबिलं नव्हती, नुसत्या आडव्या सरळ रेघा, एकीमागे एक, सारख्या अंतरावर. पहिली रेघ माझ्या अंगठ्यापुढेच होती. मनात आलं, यावर पाय पडला तर हेमावतीबाई बोलतील. आणि पाय उचलला गेला. रेघेपलीकडे पडला. मग दुसरी रेघ, दुसरा पाय. मी काही केलं नाही, फक्त रेघा मोडायच्या नाहीत एवढंच बघत होतो. पळापळही झाली नाही, कारण प्रत्येक रेघेला पाय ठरल्या जागी पडत होता. शेवटची रेघ संपली तेव्हा मी बालाजीरावांच्या दारात उभा होतो. नुसता उभा होतो, आपला आपण थांबून.

हेमावतीबाई पिठाची वाटी घेऊन बाहेर आल्या. "अय्यो सार, कोलमावर पाय नका ठेवूं."

"ठेवला नाही."

त्यांनी वाकून सगळ्या रेघा पाहिल्या. एकही मोडली नव्हती. मी त्यांना या कोलमाचं नाव विचारलं.

"पडि कोलम. पडि म्हणजे पायरी."

माझ्या कानांना पडि म्हटलं की पडणंच ऐकू येतं. तसं सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या आणि मीही हसलो. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, हो, होतं असं, डोळ्यांसमोर रेघ असली की मेंदूला दुसरी वाट सापडते. मग हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात पुढचा बेत तयार होता.

२० डिसेंबर

हेमावतीबाईंनी काल दुपारी, ही डुलकी काढत असताना, आमच्या घरात रेघा मारून दिल्या. पलंगापासून बाथरूम, तिथून जेवणाचं टेबल, टेबलापासून दार. मी दोनदा चालून पाहिलं. हिला संध्याकाळी दाखवायचं होतं. संध्याकाळी पाहतो तर फरशी लख्ख. उठल्या उठल्या हिने पोछा मारला होता.

आज त्यांनी पुन्हा काढल्या. मी हिला नीट सांगितलं, या पुसू नकोस, या माझ्या आहेत. ती हो म्हणाली. तासाभराने पुन्हा लख्ख.

२१ डिसेंबर

आज भांडलो. तिसऱ्यांदा पुसल्या तिने. मी ओरडलो, तुला जायचंच नाहीये, म्हणून मुद्दाम पुसतेस. मी बरा झालो तर तुझं या घरात काम काय उरणार, अशी तुला भीती वाटते. फार बोललो. बोलायला लागलो की तेही थांबत नाही.

ही ओला पोछा हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "मला दिसल्याच नाहीत हो."

डोळ्यांचा नंबर गेल्याच वर्षी तपासला आहे. हातभर लांब पांढऱ्या रेघा दिसत नाहीत यावर कोण विश्वास ठेवील? तसं मी बोलूनही दाखवलं. ती बाथरूममध्ये गेली. बराच वेळ बादलीत नळ वाहत होता. चेन्नईत पाणी असं सोडून देणारी माणसं मला आवडत नाहीत, पण या वेळी ते वाहू दिलं.

२६ डिसेंबर

बालाजीरावांनी झटपट वाळणारा पांढरा रंग आणला. ही बाजारात गेली तेवढ्यात त्यांनी गुडघ्यांवर बसून सगळ्या रेघा रंगवल्या. बँकेत सही करायचे तशी जीभ बाहेर काढून, एकाग्र. घरमालक काय म्हणेल याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही.

ही आली. मी पलंगावरून उठलो, टेबलापर्यंत आलो, वळलो, दारापर्यंत गेलो, थांबलो. मग परत आलो. कुणाचा हात नाही, काठी नाही. बालाजीराव टाळ्या वाजवायच्या बेतात होते, मी डोळ्यांनी दटावलं.

ती पिशवी हातातच धरून बघत होती. मग चपलेने एक रेघ घासून पाहिली. निघाली नाही. "छान केलंत," म्हणाली. "आता मी गेले तरी हे राहील."

मी म्हटलं, मग जातेस ना?

"जाते," म्हणाली आणि खाली बसून कीरै निवडायला घेतली. सारखे डोळे पुसत होती. पालेभाजीने डोळ्यांतून पाणी येत नाही, पण आता नंबर खरंच बदलला असावा. तिला सोलापुरात दाखवून घ्यायला सांगितलं पाहिजे.

मला वाटलं होतं आनंद होईल. झालाही, पण खूप दमलो.

४ जानेवारी २००७

तिकीट झालं. मुंबईकडे जाणारी गाडी थेट सोलापूरवरून जाते, बदलायची भानगड नाही. बालाजीराव झोपायला आमच्याकडे येतील, जेवण हेमावतीबाई देणार. हिने दोघांना माझ्या गोळ्यांचं इतकं सविस्तर समजावलं की बालाजीराव घामाघूम झाले. बॅग भरली. बाळाची दुपटी, डिंक, मेथ्या, मधूसाठी तुपाची बरणी. बॅग बंद केल्यावर हेमावतीबाईंनी विचारलं, "अलकनंदाबाई, तुमच्या साड्या कोठें आहेत?" मग पुन्हा उघडली.

८ जानेवारी

गेली. स्टेशनवर मी येऊ नये असं ठरलं होतं, बालाजीरावांनी सेंट्रलला नेऊन बसवलं. दारात तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. म्हणाली, "पडू नका." मी म्हटलं, नाही पडत. आणखी बोलायचं होतं, पण आवाजही आताशा उशिरा निघतो, आणि तोवर लिफ्टचं दार लागलं.

घरात रेघांवरून चाललो. खुर्चीपर्यंत गेलो आणि बसलो. मी जिंकलो आहे, हे स्वतःला सांगितलं.

१० जानेवारी

मधूचा फोन. पोहोचली का, असं विचारलं तर म्हणाली, "बाबा, आई कालपासून झोपली आहे."

मी घाबरलो. ताप आहे का?

"नाही. डॉक्टरांना बोलावलं होतं. ते म्हणाले, फक्त थकवा आहे, भयंकर थकवा. आली, चहा घेतला, जरा पाठ टेकते म्हणाली ती अजून झोपलीच आहे. मधे उठून दोन घास खाते आणि परत झोपते. मी मऊ भात करून ठेवलाय." मग हळूच म्हणाली, "तिच्या पायांना किती सूज आहे बाबा. कधीपासून आहे?"

मला माहीत नव्हतं. हिचे पाय मी कधी पाहिलेच नाहीत. या घरात पाय म्हणजे माझे पाय.

"उठवू का तिला?"

मी म्हटलं, उठवू नकोस.

दिवस भरलेली पोर आईसाठी भात शिजवते आहे. बालाजीरावांनी विचारलं, सर्व ठीक ना? मी हो म्हटलं. त्या दिवशी चहाच्या वेळी ते का हसले नव्हते, हे मला आज कळलं. बळ कुठून येतं, असं त्यांनी मला विचारलं होतं आणि मी त्यांना रणगाड्यांबद्दल सांगत बसलो. लाज वाटते.

१६ जानेवारी

पोंगल झाला. हेमावतीबाईंनी गोड भात दिला. रेघा आहेत, पाय चालतात, तक्रार करायला जागा नाही. तरी सकाळपासून खुर्चीतून उठलो नाही. कुठे जायचं? चाचणीच्या रस्त्याला शेवट होता, तिथे कुणीतरी वहीत आकडा लिहायला उभं असायचं.

हिची फार आठवण येते. हे लिहितानाही अक्षर बारीक झालं आहे. पुन्हा मोठं काढतो: हिची आठवण येते.

१९ जानेवारी

मुलगी झाली. दोघी सुखरूप. बालाजीरावांनी मजल्यावर साखर वाटली, म्हणजे स्वतःच्याच घरी जाऊन दिली. फोनवर ही बोलली. आवाज ओळखू येईना, इतका ताजा. बाळाचे कान माझ्यावर गेलेत म्हणे. बिचारी.

२४ जानेवारी

आज बाथरूममध्ये पडलो. लागलं नाही. बालाजीरावांना त्यांच्या वयात मला उचलताना धाप लागली, ते आता काही दिवस कंबर धरून चालणार. सोलापूरला कळवायचं नाही असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. संध्याकाळी जेवलो नाही. ही असती तर, एवढंच सारखं मनात येत होतं, आणि त्यापुढे काही येत नव्हतं.

१ फेब्रुवारी

हिचा फोन आला. बारसं छान झालं. मधूची सासू आता येऊन राहिली आहे, बाई कामाला वाघ आहेत, बाळाचं सगळं हौसेने करतात. ही म्हणाली, मी नुसती बसून असते हो, कुणी काही करूच देत नाही. दुपारी गच्चीत उन्हात पाय सोडून बसते. सूज उतरली. परवा शेजारणीबरोबर कुठलं तरी नाटक पाहून आली. नाटकाची गोष्ट सांगायला लागली. लग्नानंतर तिने मला कधी कुठली गोष्ट सांगितली होती, ते आठवेना.

मग म्हणाली, "तर काय करू? माझं इथे आता तसं काम नाही. येऊ का? की राहू अजून महिनाभर? मधू राहा म्हणतेय. तुम्ही सांगाल तसं."

मला 'ये' म्हणायचं होतं. पंधरा दिवस तेवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर आहे. तोंड उघडलं, जीभ टाळूला लागली आणि तिथेच राहिली. रेघ नाही, काही नाही. पलीकडे ती वाट बघत होती. तिच्या श्वासाचा आवाज येत होता आणि मागे बाळ कुरकुरत होतं.

"अहो?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "बरं. मग राहते मी." आणि एक मोठा श्वास सोडला. ब्रेक सोडल्यावर गाडी सोडते तसा. इतकी वर्षं एका घरात काढली, पण तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "पडू नका हं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यानंतर शब्द निघाला. "ये," मी म्हणालो, चांगला मोठ्याने.

आतून बालाजीराव कंबर धरून आले. "बोलाविलेंत, सार?"

मी म्हटलं, "हो. बसा जरा."

ते बसले. सोलापूरचा नंबर फोनच्या वर भिंतीवर हिच्या हातचा आहे, माझ्यासाठी मोठ्या आकड्यांत लिहिलेला, आणि फोनपर्यंत माझा हात पोहोचतो. बालाजीराव म्हणाले, फोन लावून देऊं का? मी नको म्हणालो. हा शब्द लगेच निघाला.